सोलापुरात बैठं घर घेतलंय आणि पोर्चमध्ये पाली? मग हे क्रमाने करा

जुळे सोलापूर, होटगी रस्ता, विजापूर रस्ता, अक्कलकोट रस्ता. शहराच्या या कडांना गेल्या काही वर्षांत भरपूर बैठी घरं आणि रो हाऊस झाली. फ्लॅटमधून किंवा दुसऱ्या गावाहून इथे राहायला आलेल्या माणसाला पहिल्या उन्हाळ्यातच एक प्रश्न पडतो. संध्याकाळी पोर्चचा दिवा लावला की भिंतीवर पाच-सहा पाली हजर. दार उघडं राहिलं की त्यातली एखादी हॉलमध्ये. पाऊस झाला की पायरीवरून सळसळत काहीतरी चकचकीत आत शिरतं आणि घरात आरडाओरडा होतो.

मी यातून गेलोय. दुकानदार, शेजारी, नातेवाईक, प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो, आणि त्यातले बरेच उपाय पैसे घालवतात, काही तर लेकरांना धोक्याचे असतात. म्हणून काय करायचं ते क्रमाने लिहितोय. पालीला तुमच्या घरातून तीनच गोष्टी हव्या असतात: किडे, थोडं पाणी आणि अंग लपेल एवढी फट. या तिन्ही कमी करा, पाली आपोआप कमी होतात. ते न करता नुसती पाल हाकलली तर तिच्या जागी दुसरी येते.

१. आधी बघा, आलंय कोण

सगळ्यांना एकच उपाय लागू पडत नाही.

पाल: भिंतीवर, छतावर चालते, रात्री बाहेर पडते, चुकचुकते. घरातला बहुतेक त्रास हिचाच. हिची विष्ठा काळपट कांडीसारखी असते आणि एका टोकाला पांढरा ठिपका असतो. उंदराच्या लेंडीला तो ठिपका नसतो. सकाळी ओट्यावर, खिडकीच्या कडेला, देवघराच्या फळीवर काय पडलंय ते नीट पाहिलं की पाल कुठून फिरते ते कळतं.

सापसुरळी: जमिनीवरून पळते, अंग चकचकीत, पाय इतके बारीक की घाईत दिसतच नाहीत. त्यामुळे लोक साप समजून काठी घेऊन धावतात. ती विषारी असते असं आपल्याकडे सर्रास मानतात, पण तिला विष नसतं. दिवसा हिंडते आणि भिंतीवर पालीसारखी चढू शकत नाही.

सरडा: कुंपणावर, बोगनवेलीवर, तुळशीच्या कट्ट्यावर. विणीच्या दिवसांत नराचा गळा लाल होतो, तेव्हा माणसं घाबरतात. तोही बिनविषारी. घरात आलाच तर चुकून आलेला असतो, दार उघडं ठेवलं की जातो. त्याच्यासाठी वेगळं काही करायची गरज नाही.

घोरपड: शहराच्या कडेला, शेताला लागून असलेल्या प्लॉटवर क्वचित दिसते. हिच्याबद्दल शेवटी वेगळं सांगतो.

२. सामान आणून ठेवा

- चांगली टॉर्च आणि घडीची शिडी
- सिलिकॉन सीलंटची नळी आणि ती दाबायची गन
- पांढरं सिमेंट, थोडं साधं सिमेंट आणि बारीक वाळू
- दाराखाली लावायची रबरी किंवा ब्रशची पट्टी (हार्डवेअरच्या दुकानात दाराची रुंदी सांगून मागा)
- खिडकीसाठी मच्छरजाळी, आणि नळ्या-गवाक्षांसाठी बारीक स्टीलची जाळी
- पिवळ्या उजेडाचे एलईडी दिवे
- पारदर्शक प्लास्टिकचा रुंद तोंडाचा डबा आणि एक जाड पुठ्ठा
- रबरी हातमोजे, साबणाचं पाणी, फिनेल

घर भाड्याचं असेल तर भोकं पाडण्याआधी आणि जाळ्या ठोकण्याआधी मालकाला विचारा. वेल्क्रोवर चिकटणारी मच्छरजाळी मिळते, ती खिळे न मारता लागते आणि घर सोडताना काढता येते.

३. सुरुवात पोर्चच्या दिव्यापासून

सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त फरक इथे पडतो, म्हणून हे पहिलं.

बहुतेक घरांत पोर्चचा दिवा मुख्य दाराच्या बरोबर वर असतो आणि तो लख्ख पांढरा असतो. निळसर पांढऱ्या उजेडावर किडे जास्त येतात, किड्यांमागे पाली येतात, आणि खाली दार असतं. म्हणजे पालींचं जेवण आपणच उंबऱ्यावर वाढतो.

दिवा बदला. खोक्यावर २७०० किंवा ३००० केल्विन असा आकडा असलेला पिवळसर दिवा घ्या. ६५०० केल्विनचा पांढरा नको. किडे पूर्ण थांबत नाहीत, पण कमी होतात. त्याहून चांगलं म्हणजे दिव्याची जागा बदला. दिवा कंपाउंडच्या भिंतीवर किंवा फाटकाच्या खांबावर घेऊन त्याचा उजेड दाराकडे वळवा. उजेड मिळतो, किडे तिकडे जमतात, पाली तिकडेच राहतात. वायरिंग करायचं नसेल तर माणूस आल्यावरच लागणारा सेन्सरचा दिवा लावा.

पहिला पाऊस पडला की वाळवीचे पंखवाले किडे थव्याने उठतात. त्या एक-दोन संध्याकाळी पोर्चचा दिवा बंदच ठेवा आणि खिडक्यांचे पडदे ओढा. एवढं केलं तरी त्या दिवसांतली पालींची गर्दी टळते. आपल्याकडे मोठा पाऊस बहुधा सप्टेंबरात होतो, तेव्हाही हेच.

४. फटी बुजवा: यातच खरी मेहनत आहे

पेन्सिल शिरेल अशा फटीतून मोठी पाल शिरते, पिल्लाला तर त्याहून कमी जागा पुरते. दिवसा घरात अंधार करा, एकाला बाहेर उभं करा, आणि दारं-खिडक्यांच्या कडेने उजेड कुठून आत येतो ते बघत चला. जिथे उजेड तिथे वाट. खडूने खुणा करा.

सोलापुरातल्या घरांत हमखास सापडणाऱ्या जागा सांगतो.

कूलरची खिडकी. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या पुढे जातो, त्यामुळे कूलरशिवाय इथे भागत नाही. खिडकीत कूलर बसवताना भोवती मोकळी जागा राहते आणि तिथे थर्माकोल किंवा पुठ्ठा कोंबला जातो. पालीला याहून चांगली जागा कुठे मिळणार? ओलावा, गारवा, सावली, किडे, सगळं एका ठिकाणी. थर्माकोल काढा, मापाचा प्लायवूड किंवा ॲक्रिलिकचा तुकडा कापून घ्या आणि कडा सिलिकॉनने बंद करा. पावसाळ्यात कूलर काढून ठेवताना पॅड उन्हात झटका, टाकी कोरडी करा.

एसीच्या पाईपचं भोक. भिंतीत पाडलेलं भोक पाईपपेक्षा मोठं असतं आणि बसवणारा ते तसंच सोडून जातो. दोन्ही बाजूंनी बुजवा. बाहेरच्या युनिटमध्ये किंवा इन्व्हर्टरच्या बोर्डात पाल शिरली तर तारांना चिकटून मरते आणि शॉर्टसर्किट होतं. तिथे स्वतः हात घालू नका. मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनकडून वायरींची रिकामी भोकं बंद करून घ्या.

दाराखालची जागा. मुख्य दार, मागचं दार आणि विशेषतः न्हाणीघराचं दार. पट्टी लावल्यावर खाली टॉर्च धरून पलीकडून बघा, उजेड दिसला तर पट्टी खाली सरकवा.

पायरी आणि जोत्यामधली भेग. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. त्या ओढाताणीत पोर्चची फरशी, पायऱ्या आणि भोवतीचा कोबा भिंतीपासून सुटतो. उन्हाळ्यात त्या भेगेत बोट जातं. सापसुरळ्यांचं घर तिथेच. नुसतं सिमेंट भरलं तर पुढच्या उन्हाळ्यात परत सुटतं. आत वाळू-सिमेंट ठासा आणि वरच्या थरात ताणलं जाणारं सीलंट भरा. तरीही दर उन्हाळ्याच्या शेवटी ही भेग पाहावी लागते, ते धरूनच चाला.

पत्रा. पत्र्याच्या खोलीत भिंत आणि पत्र्याच्या नागमोडी वळणांमध्ये ओळीने पोकळ्या राहतात. तिथे सिमेंटचा माल किंवा फोम भरा. हवा खेळायला हवी असेल तर स्टीलची जाळी लावा.

माळवद. पेठांमधल्या जुन्या घरांत वर लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि माती असते. अशा घरात सगळ्या फटी बुजवणं कोणाच्याच्याने होत नाही. तुम्ही अशा घरात राहत असाल तर यावर शक्ती खर्च करू नका. दिवा, पाणी, स्वयंपाकघर यांकडे लक्ष द्या, आणि झोपायच्या खाटेवर मच्छरदाणी बांधा. वरून काही पडलं तरी अंगावर येत नाही.

फट कधी बुजवायची यालाही महत्त्व आहे. दिवसा बुजवली तर पाल आत अडकून मरते आणि आठवडाभर वास येतो. दिवेलागणीनंतर तासाभराने पाली बाहेर पडतात, तेव्हा टॉर्चने फट रिकामी आहे हे बघून बंद करा. आत दोन पांढरी, वाटाण्याएवढी कडक कवचाची अंडी दिसली तर ती पालीची. साधारण दीड-दोन महिन्यांत त्यातून पिल्लं निघतात, म्हणून अंडी कागदावर घेऊन बाहेर आडोशाला ठेवा आणि मग फट भरा.

या सगळ्या कामाला उत्तम काळ म्हणजे संक्रांत, गड्ड्याची यात्रा चालू असते ते दिवस. थंडीने पाली सुस्त असतात, वावर कमी असतो, शिडीवर चढून काम करायला ऊनही सोसतं. मे महिन्यात हे काम काढलं तर तुम्हीच दमता.

५. पाणी आणि खाणं

सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे प्रत्येक घरात हौद, पिंप, घागरी भरलेल्या असतात. उघड्या साठ्यावर डास होतात, डासांवर पाली. प्रत्येक पिंपाला घट्ट झाकण, झाकण नसेल तर फडकं ताणून दोरीने बांधा. हौदात गप्पी मासे सोडा, ते डासांच्या अळ्या खातात. पाणी पिण्याचं असेल तर मात्र मासे नकोत, झाकणच हवं. फ्रीजमागचा पाण्याचा ट्रे, कुंड्यांखालच्या बशा, गळका नळ यांच्याकडेही बघा.

मोरीच्या तोंडाला झुरळांची जाळी बसवा आणि ओट्याखाली झुरळांचं जेल ठिपक्या-ठिपक्यांनी लावा, लेकरांचा हात पोचणार नाही अशा जागी. झुरळं हे पालीचं मोठं खाद्य आहे. रात्री ओटा पुसून कोरडा करा. भाकरीची बुट्टी, दुधाचं पातेलं, शेंगाचटणीचा डबा, काहीच उघडं नको. झाकण म्हणजे सुटी ताटली नव्हे, घट्ट बसणारं झाकण.

देवघराकडे लोक लक्ष देत नाहीत. समईच्या उजेडावर किडे येतात आणि तसबिरींच्या मागे पालीला हवी तशी जागा मिळते. तसबिरी भिंतीला टेकून ठेवण्याऐवजी खाली दोन रबरी बटणं लावून भिंतीपासून थोड्या पुढे घ्या. मागे उजेड-वारा गेला की पाल तिथे मुक्काम करत नाही. घरातल्या बाकीच्या फोटोंनाही हेच करा.

पोर्चमधला पसारा उचला: उरलेल्या फरशा, विटा, रद्दी, जुन्या कुंड्या. चपला उघड्या रॅकवर ठेवा आणि पावसाळ्यात बूट झटकूनच घाला. भिंतीला टेकलेली वेल हातभर दूर छाटा.

६. आत आलेली पाल बाहेर काढताना

झाडूने मारू नका, ढकलूही नका. घाबरली की ती शेपूट टाकते, शेपूट फरशीवर वळवळत राहतं, घरातली लहान मुलं घाबरतात आणि पाल कपाटामागे पसार होते.

पहाटे किंवा थंडीत ती मंद असते, तेव्हा पकडणं सोपं. पारदर्शक डबा हळूच तिच्यावर उपडा ठेवा, मग भिंत आणि डब्याच्या मधून पुठ्ठा सरकवा. डबा पुठ्ठ्यासकट उचलून कंपाउंडबाहेर झाडापाशी सोडा. उंचावर असेल तर खोलीतला दिवा बंद करा, बाहेरचा लावा, खिडकी उघडी ठेवा आणि थांबा. किड्यांमागे ती स्वतः जाते.

सापसुरळीचं तंत्र वेगळं. ती नेहमी भिंतीच्या कडेने पळते. रिकामं खोकं आडवं करून भिंतीला चिकटवून ठेवा, तोंड तिच्या दिशेने. दुसऱ्या बाजूने झाडू जमिनीवर हळू सरकवत या. ती सरळ खोक्यात शिरते. खोकं उभं करा की झालं.

विष्ठा कोरडी झाडू नका, तिच्यात साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात. आधी साबणाच्या पाण्याने भिजवा, कागदाने उचला, मग फिनेलने पुसा. ओट्यावर असेल तर फिनेलऐवजी साबण आणि गरम पाणी. शेवटी हात धुवा.

७. या गोष्टींच्या नादी लागू नका

तंबाखू आणि कॉफीच्या गोळ्या: पाल मरते खरी, पण ते विष आहे. रांगणारं मूल तोंडात घालू शकतं, मांजर खाऊ शकतं. घरात आणूच नका.

डांबर गोळ्या: कोपऱ्या-कोपऱ्यांत टाकतात. पालीला फारसा फरक पडत नाही, बंद खोलीत मात्र वास माणसाला बाधतो. काही लहान मुलांमध्ये जन्मजात एका विकराची कमतरता असते, त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी या गोळ्यांमुळे फुटू शकतात. तान्हं बाळ असलेल्या घरात या गोळ्या कपड्यांतही नकोत.

चिकट सापळा: पाल चिकटून तडफडत दिवस-दोन दिवस जिवंत राहते. त्यावर चिमणीचं पिल्लू आणि खारही चिकटते. हे मला कधीच मान्य होणार नाही, आणि फट उघडी असेल तर त्याचा उपयोगही नाही.

अंड्याची टरफलं, मोरपीस, आवाज करणारं प्लगचं यंत्र: पैसे वाचवा. मिरीच्या पाण्याचा फवारा मारला की पाल तेवढ्यापुरती सरकते. मुलाच्या डोळ्यात जाईल अशा ठिकाणी तोही नको.

८. अन्नात पडली, अंगावर पडली तर

पाल विषारी नाही. तरी अन्नात पडली तर ते अन्न टाकूनच द्या, तिच्या अंगावरच्या आणि पोटातल्या जंतूंमुळे. कोणी आधीच खाल्लं असेल तर घाबरवू नका, लक्ष ठेवा. उलट्या-जुलाब सुरू झाले तर डॉक्टरांकडे जा आणि काय झालं ते स्पष्ट सांगा.

अंगावर पडली तर साबणाने हात-पाय धुणं पुरेसं आहे. पंचांगात पल्लीपतनाचं फळ दिलेलं असतं आणि घरातली मोठी माणसं ते बघतात. पूर्व भागातल्या आपल्या तेलुगू शेजाऱ्यांपैकी कोणी कांचीपुरमला जाऊन सोन्याच्या पालीला हात लावून आलेलं असेल, तर त्यांना स्पर्श करायला सांगतात. आजीच्या मनाचं समाधान होत असेल तर ते करू द्या. फक्त त्या भीतीपोटी घरातल्या पाली मारत सुटू नका.

९. हे दिसलं तर स्वतः काही करू नका

ज्या घरात पाली फार, तिथे कवड्या साप येतो. पाल हे त्याचं आवडतं खाणं, आणि तो भिंतीवरही चढतो. कवड्या बिनविषारी आहे. पण तो मण्यारसारखा दिसतो, आणि मण्यार अतिशय विषारी असते, रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक असून शेपटीकडे पुसट होतात, मण्यारचे शेपटीकडे ठळक असतात, हे खरं. पण टॉर्चच्या उजेडात घाबरलेल्या माणसाने ही पारख करायची नाही. काळपट अंगावर पांढरे पट्टे दिसले की मुलांना दूर करा, एकाने लांबून नजर ठेवा आणि सर्पमित्राला बोलवा. चावला असेल तर आवळपट्टी, चिरा, मांत्रिक यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट सिव्हिलला न्या. मण्यारच्या चाव्याची कधी कधी खूणही दिसत नाही. उन्हाळ्यात गच्चीवर, पोर्चमध्ये झोपण्याची आपल्याकडे पद्धत आहे. झोपा, पण खाटेवर, आणि मच्छरदाणी गादीखाली खोचून.

घोरपड दिसली तर तिला वाट द्या. कोंडली की ती जोरात चावते आणि शेपटीचा फटकाही देते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ती पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे तिला मारणं, पकडून ठेवणं, तिचं तेल विकणं किंवा विकत घेणं, सगळाच गुन्हा. घरात किंवा विहिरीत अडकली असेल तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. पत्ता सांगताना जवळची ठळक खूण, चौक किंवा शाळा सांगा, आणि ते पोचेपर्यंत कुत्रं बांधून ठेवा.